वच्छलाबाईचा पाय

जोडवं कापायचं, एवढे शब्द कानावर पडले मात्र, बयनाबाईंनी सगळं घर डोक्यावर घेतलं.

“माहा लेक तिकडं कागजनगरले मशिनीपाशी उभा हाय, अन् इकडं तुमी त्याच्या बायकोचं जोडवं कापता? कोनाच्या डोक्यातून निंघालं हे?”

निघालं होतं ते गावात लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंच्या डोक्यातून, आणि त्या सायकलवर टांग मारून केव्हाच पुढच्या गावाला गेल्या होत्या. जाताना मात्र घरातले थोरले, माणिकराव, यांना दम देऊन गेल्या होत्या. आजच्या आज आदिलाबादला न्या. जोडवं निघालं नाही तर बोट जाईल, आणि नुसत्या बोटावर भागलं तर नशीब समजा.

ज्या बोटावरून हे महाभारत चाललं होतं त्याची मालकीण, घरातली धाकटी सून रेणुका, ओसरीवर खांबाला टेकून पाय लांब करून बसली होती. अंगठ्याशेजारचं बोट सुजून टम्म झालं होतं. चांदीचं जाड जोडवं मांसात इतकं रुतलं होतं की वरून पाहणाऱ्याला नुसता एक खळगा दिसे. त्याच्या पुढचा शेंडा जांभळा पडला होता.

सुरुवात एका काट्यानं झाली. अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगू मंडळातल्या एका खेड्यातली. कापूस वेचताना बांधावरच्या बाभळीचा काटा रेणुकेच्या बोटात मोडला. तिनं तो सुईनं काढला, निदान तिला तसं वाटलं. अर्धा काटा आतच राहिला होता. त्याच संध्याकाळी साबण लावून जोडवं ओढलं असतं तर ते सुटलं असतं, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण या घरची रीत अशी की जोडवं उतरवायचंच झालं तर नवऱ्यानं आपल्या हातानं उतरवायचं आणि त्यानंच परत घालायचं. नवरा, म्हणजे नागोराव, होता कागजनगरच्या कागद कारखान्यात. सुट्टी मिळाली की येतो, असा त्याचा निरोप आला होता. मग रेणुका त्याची वाट बघत बसली. बोटावर हळदीचा लेप, लेपावर चिंधी, चिंधीवर लुगड्याचा काठ. कुणी विचारलं की म्हणायची, उतार पडला आता.

त्यात आणखी एक भानगड. या भागातल्या कापूस वेचणाऱ्या बायका जोडव्याची टोकं मोकळी ठेवत नाहीत. मोकळी टोकं लुगड्यात अडकतात, जोडवं फाकतं, आणि एकदा का ते शेताच्या तासात, मातीत पडलं की कुठलं सापडायला! म्हणून सोनाराकडून टोकं जुळवून, डाक लावून, सलग वळं करून घेतात. जोडवं हरवू नये म्हणून केलेली ती सोय आता रेणुकेच्या बोटावर उलटली होती.

बयनाबाई काही वाईट सासू नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. मुलगा कागद दाबणाऱ्या मोठमोठ्या रुळांपाशी काम करतो एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि रेणुकेला तरी त्याहून जास्त काय ठाऊक होतं? सासू मोठ्यानं बोलत होती तेच सून मनात बोलत होती. बोट गेलं तर लंगडत का होईना चालता येईल, पण तिकडं त्यांना काही झालं तर? (नागोरावाला पुढं काहीही झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. चांगली ढेरी सुटेपर्यंत नोकरी करून तो धडधाकट घरी आला.)

माणिकराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं आणि चपला पायात सरकवत एवढंच विचारलं, “माय, बोटच गेल्यावर जोडवं कायच्यात घालशीन?”

बयनाबाई तशाच उठल्या. देवापाशी जाऊन हळदीत बुडवलेला दोरा घेऊन आल्या आणि रेणुकेच्या शेजारच्या बोटाला बांधला. सवाष्णीचा पाय रिकामा जायला नको. “जाय माय,” त्या म्हणाल्या, “पन बोट घेऊन ये.”

आता बरोबर बाईमाणूस हवं. बयनाबाईंचे गुडघे बस चढायच्या कामाचे राहिले नव्हते आणि शेजारपाजारच्या बायका सगळ्या रानात. राहिली थोरली जाऊ, माणिकरावांची बायको वच्छलाबाई. आणि इथंच पंचाईत होती, कारण वच्छलाबाई रेणुकेशी बोलत नव्हती.

कारण होतं एक झंपर. वच्छलाबाईकडे पायानं चालवायची शिलाई मशीन होती, गावातली एकुलती एक, आणि गावातल्या निम्म्या बायका तिच्या हातचं शिवलेलं घालत. रेणुकेच्या भावाच्या लग्नासाठी तिनं रेणुकेला झंपर शिवून दिलं. ते भर मांडवात, रेणुकेनं अक्षता टाकायला हात वर केला त्याच घटकेला, काखेत टर्रकन फाटलं. रेणुका चारचौघींत बोलून गेली, “अक्कानं मुद्दाम तंग शिवलं.” वच्छलाबाईचं म्हणणं असं की माप घेतल्यावर ही बया महिनाभर माहेरी लाडू हाणत होती, त्याचं माप कोणी घ्यायचं? थोडं हिचं खरं होतं, थोडं तिचं. पण बोलणं बंद झालं ते झालंच. स्वयंपाक एका चुलीवर, धुणं एका दगडावर, आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. “आत्याबाई, तिले म्हना, भाजीत मीठ नाई.” असा सगळा कारभार.

भरीस भर म्हणजे माणिकराव रेणुकेचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यासमोर डोक्यावर पदर, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्यानं भावजयीला शिवायचं तर नाहीच नाही. म्हणजे तिघं निघाली खरी, पण रेणुकेशी बोलू शकेल असं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

बसमध्ये वच्छलाबाईनं तिला काखेत हात घालून चढवलं, खिडकीपाशी बसवलं, पायाखाली पिशवीची उशी केली. सगळं केलं, पण तोंडातून शब्द नाही. पुढं गर्दी वाढली तशी ती नवऱ्याला म्हणाली, “तिले म्हना, पाय मधात ठेऊ नोको, कोनी तुडवन.”

माणिकरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि समोरच्या सीटच्या पाठीला सांगितलं, “पाय मधात ठेऊ नये मानसानं.”

तेलुगू कंडक्टरला वाटलं, आपल्याशीच बोलतायत. त्यानं आणखी एक तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. एवढ्या ठणक्यातही रेणुकेला हसू फुटलं. तिनं ते पदराच्या बोळ्यात दाबलं. शेजारी वच्छलाबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं होतं, पण तिचे खांदे हलत होते.

आदिलाबादच्या डॉक्टरीणबाई नांदेडकडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी बोट पाहिलं आणि आपली पक्कड काढली. तिचं टोक जोडव्याखाली शिरेना. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं, मग पक्कड ठेवून दिली.

“हे निघाल्याशिवाय बोटाला रक्त पोचत नाही, आणि मला पू काढता येत नाही. पलीकडच्या गल्लीत राजलिंगम म्हणून सोनार आहे. त्याच्याकडं विजेवर फिरणारी बारीक चकती आहे. तिनं कापून घ्या आणि तसंच उलट पावली इकडं या. मी हलत नाही इथून.” मग त्या रेणुकेला म्हणाल्या, “बधिर करायची सुई देऊ शकते मी. पण मग चकतीनं चांदी तापून भाजलं तरी तुम्हाला कळायचं नाही. ही कातडी आधीच अर्धमेली झालीय, भाजली तर बोट गेलंच. तुम्ही सांगा, देऊ?”

रात्रभर रेणुकेच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सुई म्हणजे घटकाभर सुटका. तिच्या तोंडावर हो आलंच होतं. पण तिला वाटलं, आपलंच बोट जळेल आणि आपल्यालाच पत्ता लागणार नाही, हे काही खरं नाही.

“नोको,” ती म्हणाली. “मले कळू द्या.”

बोलताना तिला आपण फार शूर आहोत असं वाटलं. गल्ली ओलांडेपर्यंत ते शौर्य पार ओसरलं.

राजलिंगम घरचा तेलुगू आणि गिऱ्हाईक निम्मं मराठी, त्यामुळं त्याची बोली दोन्हीकडची. अंगात बनियन, चष्मा कपाळावर. त्यानं आदल्या दसऱ्याला हैदराबादहून एक मोटर आणली होती आणि तिला रोज कुंकू लावत होता. मोटर भिंतीतल्या खिळ्याला टांगलेली. तिच्यातून एक काळी, हवी तशी वळणारी नळी खाली आलेली, आणि नळीच्या टोकाला पेनासारखा हातात धरायचा दांडा. दांड्याच्या तोंडाशी पातळ चकती. खाली जमिनीवर पेडल. पेडल जेवढं दाबाल तेवढी चकती जोरात फिरणार.

“बसा अम्मा, बसा. मेल्लगा, मेल्लगा,” तो म्हणाला. मेल्लगा म्हणजे त्यांच्यात हळू.

बोट बघून त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला. मोडक्या गजराच्या घड्याळातली पोलादी पट्टी त्यानं शोधून काढली, तिला तेल लावलं आणि जोडवं आणि बोट यांच्यामधून ती हळूहळू सरकवली. चकती आरपार गेलीच तर मांसाऐवजी पट्टीवर आपटावी म्हणून. पट्टी सरकत होती तेवढा वेळ रेणुकेनं लाकडी स्टुलाची कड धरून ठेवली. मग त्यानं नेहमीसारखं पेडल दाबलं, म्हणजे पूर्ण दाबलं, आणि चकती जोडव्याला टेकवली.

चींऽऽ असा आवाज झाला. चकती चांदीवरून नुसती घसरली, आणि दुसऱ्याच श्वासाला रेणुकेनं अशी किंकाळी फोडली की समोरचा कापडवाला दुकान सोडून धावत आला. चांदीला तापायला वेळ लागत नाही, आणि तापते तेव्हा एका जागी तापत नाही, सगळं वळंच तापतं. बोटाभोवती कुणी निखारा गुंडाळावा तसं तिला झालं.

“दागिना ओरडत नाय ना, अम्मा,” राजलिंगम घाम पुसत म्हणाला. तो खरोखर खजील झाला होता. “आंगठी चिमट्यात धरतो, तापली तर पान्यात टाकतो. मला कसं कळनार?”

मग त्यानं पेडलवरचा पाय इतका उचलला की चकती जेमतेम फिरत राहिली. ती चांदीला लागली, दात रुतवून बसली आणि अडकली. जोडव्यासकट बोटाला असा हिसका बसला की रेणुकेच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. भाजलेलं परवडलं, असं तिला झालं.

म्हणजे जोरात फिरवावं तर भाजतं आणि हळू फिरवावं तर हिसडतं. मधे कुठंतरी बरोबर वेग असणार. पण तो मधला वेग एका जागी थांबेल तर ना! कापसाचे दिवस होते. आदिलाबादेतल्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्यांच्या, मोटरी सुरू झाल्या की वीज कमी पडून दुकानातला बल्ब लाल व्हायचा, एखादी थांबली की पिवळा, आणि बल्बाबरोबर ही मोटरही मंदावायची, उसळायची. पेडल तेवढंच दाबलेलं, वेग मात्र दर घटकेला वेगळा. आणखी अडचण अशी की बोटापाशी नाक नेऊन वाकावं तर राजलिंगमचा पाय पेडलवर नीट टेकेना, आणि पाय टेकवावा तर बोट दिसेना.

“पेडल कोनीतरी दुसऱ्यानं दाबा,” तो शेवटी म्हणाला. “मी फक्त बोट बगतो.”

माणिकराव पुढं झाले. जन्मभर ढेकळं तुडवलेला पाय तो. त्याला दोनच गोष्टी ठाऊक, टेकवणं आणि उचलणं. त्यांनी पेडलवर पाय ठेवताच मोटर अशी किंचाळली की राजलिंगमनं दांडा डोक्यावर धरला. “ओ पटेल! बैलगाडी नाय ही!” शेतकरी गिऱ्हाईकाला तो पटेलच म्हणायचा.

“सरका,” वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाली.

तिनं चप्पल काढली, लुगडं जरा वर खोचलं आणि दुसऱ्या स्टुलावर बसून पेडलवर अनवाणी पाय ठेवला. घाई केली नाही. आधी मोकळीच मोटर फिरवून पाहिली, कमी केली, जास्त केली, डोळे मिटून आवाज ऐकला. मग राजलिंगमला विचारलं, “मोडीतली चांदी हाय का जराशी?” त्यानं तुटक्या पैंजणाचा तुकडा काढला. तो चिमट्यात धरून त्यानं त्यावर चकती टेकवली आणि वच्छलाबाई तळव्यानं शोधत राहिली. चींऽऽ झालं की पाय सैल, खरखरून अडकायला लागलं की किंचित दाब. असं करता करता एक आवाज सापडला, घुमल्यासारखा, एकसारखा, आणि चांदीची बारीक भुकटी गळायला लागली. राजलिंगमनं तुकड्याला बोट लावून पाहिलं. कोमट होता.

“जाड कापड आलं का असंच असते,” ती म्हणाली. “सुई मोडू द्याची नाई, अन् थांबू द्याचीबी नाई.”

माणिकरावांना काहीतरी करायचं होतं आणि भावजयीला शिवता येत नव्हतं. त्यांनी बंडीच्या खिशातून कापसाचा पुंजका काढला. त्या दिवसांत कुणाच्या खिशात कापूस नसायचा? तो पाण्यात बुडवून ते उभे राहिले, वरूनच थेंब थेंब पाणी जोडव्यावर सोडायला.

राजलिंगम पालथा पडल्यासारखा वाकला. वच्छलाबाईनं नजर वर बल्बकडं लावली, पाय पेडलवर ठेवला आणि म्हणाली, “तापलं का मले सांग.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही की ही कुणाला म्हणाली. रेणुकेनं तिच्याकडं पाहिलं. तिनं “तिले म्हना” म्हटलं नव्हतं. तापलं हे सांगू शकणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

“सांगते अक्का,” रेणुका म्हणाली.

आणि मोटर घुमू लागली. “बरं हाय,” रेणुका म्हणायची, “बरं हाय... गर...” आणि गरम हा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत तो पाय सैल झालेला असायचा, वरून पाण्याचा थेंब पडलेला असायचा. बल्ब लालसर झाला की पाय किंचित दबायचा. उजळला की किंचित उठायचा. टाच जमिनीला टेकलेली, नुसता घोटा हलायचा, आणि तोही असा की डोळ्यांना कळू नये. रेणुकेला मात्र कळत होतं. त्या पायाचा प्रत्येक विचार तिला आपल्या बोटात कळत होता. आता सांभाळून, आता जरा पुढं, आता थांब. इतकं जपून आपल्याला कुणी कधी धरलं होतं, ते तिला आठवेना. आईनं धरलं असेल, न कळत्या वयात. दुखत होतं, भरपूर दुखत होतं, पण तिची भीती कुठल्या कुठं गेली होती.

“अर्दं झालं,” राजलिंगम मान वर न करता म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “थोडंच राहिलं. मेल्लगा, अम्मा, आता फार मेल्लगा.”

तेवढ्यात लांबवर भोंगा वाजला.

जिनिंगची जेवणाची सुट्टी. राजलिंगमला त्याचा अर्थ ठाऊक होता, सगळ्या मोटरी एकदम थांबणार. त्यानं ओरडायला तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडातून आवाज निघायच्या आत बल्ब लख्खकन पांढरा झाला, सगळं दुकान उजळलं आणि भिंतीवरची मोटर उसळली. चकतीखाली केसाएवढी चांदी उरली होती, तिच्याखाली ती पातळ पट्टी आणि तिच्याखाली रेणुकेचं बोट. चींऽऽ असा आवाज निघायला सुरुवात झाली आणि जागच्या जागी विरला. वच्छलाबाईचा पाय हवा तेवढाच उचललेला होता. चकती पुन्हा तशीच घुमत होती, जणू काही झालंच नव्हतं.

“भाजलं का?” वच्छलाबाईनं विचारलं. नजर अजून बल्बवरच.

“नाई अक्का.”

कट्ट असा बारीक आवाज झाला. राजलिंगमनं दांडा बाजूला टाकला, दोन बाजूंनी दोन पकडी लावल्या, श्वास रोखला आणि जोडवं फाकवलं. ते मांसातून सुटलं आणि त्याच्या तळहातावर आलं. रेणुकेनं हुश्श केलं न केलं तोच अडलेलं रक्त बोटात धावलं, आणि अशी कळ उठली, अशी कळ उठली की आधीचं सगळं दुखणं तिला खेळ वाटलं. आपण भासऱ्यासमोर आहोत हे विसरून ती गळा काढून रडायला लागली.

“दुखून राह्यलं का?” वच्छलाबाईनं विचारलं.

“लई, अक्का. लई.”

“मंग जितं हाय वं माय,” वच्छलाबाई म्हणाली.

राजलिंगमनं कापलेलं जोडवं गुलाबी कागदात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी दिलं. दुकानाच्या दारात जमलेल्या चार माणसांना तो तेलुगूत काहीतरी सांगत होता आणि सारखा वच्छलाबाईकडं हात करत होता. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

डॉक्टरीणबाई खरंच जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी बोट फोडलं, पू काढला, आणि पुवाबरोबर काट्याचा काळा तुकडा बाहेर आला. बोटाचा शेंडा दाबून, सोडून, पुन्हा दाबून त्या बघत राहिल्या. दर वेळी पांढरं पडलेलं नख हळूहळू गुलाबी होत होतं. मग त्यांनी पट्टी बांधायला घेतली आणि तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“बोट राहतंय,” त्या म्हणाल्या. “आणि कुठंही भाजलेलं नाही. कसं जमवलंत हो?”

रेणुकेला खूप काही सांगायचं होतं. तिच्या तोंडून एवढंच आलं, “आमच्या अक्कानं.”

भिंत धरून ती बाहेर आली. बाहेरच्या खोलीतल्या लाकडी बाकावर वच्छलाबाई एकटीच बसली होती; माणिकराव बसची चौकशी करायला गेले होते. रेणुकेला पाहून ती उठायला गेली, अर्धवट उठली आणि चटकन खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिचा उजवा हात पोटरीवर गेला. पाय पेडलवर होता तसाच ताठला होता, बोटं वर वळलेली, घोटा आखडलेला. राजलिंगमच्या दुकानापासून इथवर ती रेणुकेला आधार देत आली होती, त्याच पायावर, आणि पाय आखडल्याचं एका शब्दानं बोलली नव्हती.

“काऊन वं अक्का? काय झालं?”

“मुंग्या आल्या असतीन. जाईन आता.”

पट्टी बांधलेला पाय एका बाजूला लांब करत रेणुका तिथंच फरशीवर बसली आणि वच्छलाबाईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पोटरीत दगडासारखा गोळा आला होता. तिनं दोन्ही अंगठ्यांनी तो चोळायला सुरुवात केली.

“अवं, काय करून राह्यली? सोड. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या,” रेणुका म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे नव्हते. “ह्या पायानं माहा पाय राखला, अक्का. माह्या मायनंबी येवढं जपलं नसतं. कोनी कायबी म्हनो, मी सोडत नाई.”

वच्छलाबाईनं एकदा पाय ओढून पाहिला. तो काही निघेना, आणि निघावा असं तिला फारसं वाटतही नसावं. तिनं भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाली, “जरासं खाली. टाचीपाशी. हां, तिथंच.”

माणिकराव बस लागली म्हणून सांगायला धावतपळत आले. त्यांनी दारातून दोघींकडं पाहिलं. मग ते मागं फिरले आणि पुढच्या बसची वाट बघत बाहेर पायरीवर बसून राहिले.